खानापूरचा डावरा हात : पाच दिवसांची नोंद

पहिला दिवस : कोल्हापूर ते खानापूर

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सकाळच्या बेळगाव गाडीने मी कोल्हापूर सोडले, तेव्हा पिशवीत डझनभर बेसबॉल, कॅचरचा जाड मिट म्हणजे चेंडू झेलायचा हातमोजा, रबरी होम प्लेट, मोजपट्टी आणि एका मित्राकडून मागून आणलेली रडार गन एवढेच सामान होते. खानापूर तालुक्यातील एका खेड्यात नववीत शिकणारा डावखुरा मुलगा आहे, त्याचा हात एकदा येऊन पाहा, असा निरोप तिथल्या एका क्रीडाशिक्षकांनी दिवाळीपासून तीन वेळा धाडला होता. शालेय बेसबॉल शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली असल्यामुळे असे निरोप मला नवे नाहीत आणि त्यांतले बहुतेक प्रेमापोटी वाढवून सांगितलेले असतात, हेही मला ठाऊक आहे. परंतु तिसऱ्या निरोपात शिक्षकांनी सहज एक वाक्य घातले होते, आणि त्या वाक्यामुळे मी रजा टाकली. ते म्हणाले होते, ‘क्रिकेटमध्ये त्याची गोलंदाजी बंद केली आहे, कारण तो भट्टा टाकतो.’

गोलंदाजाचे कोपर चेंडू सोडताना १५ अंशांहून अधिक सरळ होता कामा नये, असा क्रिकेटचा नियम आहे. गल्लीतल्या खेळात अंश मोजत कोणी बसत नाही, पण कोपर वाकून झटक्याने उघडले की ‘भट्टा’ म्हणून पंच हात आडवा करतात. बेसबॉलमध्ये पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, कोपर वाकवू नये असे कोणताच नियम म्हणत नाही, किंबहुना वाकलेल्या कोपरातून आणि मागे वळलेल्या खांद्यातूनच चेंडूला वेग मिळतो. म्हणजे एका खेळात ज्या खोडीपायी हा मुलगा सीमारेषेवर जाऊन उभा राहिला होता, ती खोड दुसऱ्या खेळाचा पायाच असण्याची शक्यता होती, आणि ते पाहण्यासाठी पाच दिवस देणे मला मोठे वाटले नाही.

कागल, कोगनोळी, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, वंटमुरीचा घाट, काकती असा हा रस्ता मी अनेकदा केलेला आहे. कोगनोळी ओलांडली की दुकानांवरच्या पाट्या कानडी होतात आणि गाडीतले बोलणे मात्र मराठीच राहते. निपाणीला चढलेल्या दोघी बायका एकमेकींशी मराठीत आणि कंडक्टरशी कानडीत बोलत बेळगावपर्यंत आल्या. या वेळी मला त्यात एक वेगळा प्रश्न दिसत होता. मुलगा शिकतो कर्नाटकात, मराठी माध्यमात, आणि मी येतो महाराष्ट्रातून. उद्या तो खेळलाच तर कोणत्या राज्याच्या संघातून खेळणार, आणि त्यासाठी त्याला शाळा बदलावी लागणार का, याचा विचार त्याचा हात पाहण्याआधीच माझ्या मनात सुरू झाला होता. तो मी मुद्दाम बाजूला सारला, कारण हात पाहण्याआधी दाखल्यांचा हिशेब करू लागले की डोळा स्वच्छ राहत नाही.

बेळगावात गाडी बदलून दुपारी खानापुरात उतरलो. हा तालुका कौलांचा आणि कुंभारकामाचा. इथली चिकणमाती नावाजलेली आहे, आणि कौलांचे कारखाने आता कमी झाले असले तरी मुलाचे वडील अजून अशाच एका कारखान्यात कामाला जातात. सुगी आटोपून महिना होऊन गेला होता, भाताची खाचरे मोकळी पडली होती, पिंजराच्या गंज्या रचून झाल्या होत्या आणि त्या मोकळ्या खाचरांत बांध फोडून पोरांनी क्रिकेटची मैदाने केली होती. शिक्षकांना मी विनंती केली होती की, माझ्या येण्याविषयी मुलाला काही सांगू नये. आम्ही गंजीच्या आडोशाला उभे राहून अर्धा तास नुसते पाहत होतो.

खरे म्हणजे त्या अर्ध्या तासात त्याने केवळ सहा वेळा चेंडू फेकला. सहापैकी चार फेकी यष्टिरक्षकाच्या छातीच्या उंचीवर, टप्पा न पडता आल्या. परंतु मी चेंडूकडे कमी आणि पायांकडे अधिक पाहत होतो. चेंडू उचलल्यावर बहुतेक मुले आहेत तिथूनच खांद्याच्या जोरावर फेकतात. हा मुलगा मात्र प्रत्येक वेळी डावा पाय आडवा रोवत होता, उजवा पाय लांब टाकत होता, कंबर आधी वळत होती आणि छाती मागून येत होती. कंबर आणि खांदा यांच्या वळण्यातले हे क्षणाचे अंतर शिकवायला मला एकेका मुलामागे दोन-दोन वर्षे लागलेली आहेत. याला ते कोणी शिकवले, असे मी शिक्षकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘वानरांनी शिकवलंय, सर.’ घराच्या मागे काजूची झाडे आणि भाजीचा तुकडा आहे, वानरांच्या टोळ्या येतात, आणि सहाव्या वर्षापासून त्यांना धोंडे मारून आणि गोफण चालवून हाकलण्याचे काम या मुलाकडे आहे.

दुसरा दिवस : माती, उंचवटा आणि चाळीस चेंडू

सपाट जमिनीवरून फेकणाऱ्या मुलाविषयी पिचर म्हणून मत देता येत नाही. पिचर उंचवट्यावरून, म्हणजे माऊंडवरून फेकतो. तो उंचवटा दहा इंच असतो, आणि पिचर ज्या फळीला पाय टेकून फेकतो तिच्या पुढे सहा इंचांपासून दर फुटाला एक इंच या प्रमाणात उतरत जातो. पुढचा पाय मागच्या पायापेक्षा खाली पडतो, शरीर उतारावरून पुढे घसरते, आणि ज्याचा तोल कच्चा असतो त्याचा हात मागे राहून कोपर खाली येते. उंचवट्याला किती महत्त्व आहे ते अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतच, दिसले आहे : १९६८ च्या मोसमात पिचरांनी फलंदाजांना इतके जखडून टाकले की १९६९ पासून माऊंडची उंची पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणावी लागली.

सकाळी सातला मुलगा, त्याचे वडील, शिक्षक आणि मी अशा चौघांनी शाळेमागच्या पडीक जागेत माऊंड करायला घेतला. पुरा गोल माऊंड अठरा फूट व्यासाचा असतो, तेवढी माती आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता; म्हणून तीन फूट रुंद आणि बारा फूट लांब असा फक्त फेकण्यापुरता पट्टा करायचे ठरवले. खाली तांबडी माती भरली आणि वर चार बोटे जाडीचा चिकणमातीचा थर दिला. वडिलांनी माती हातात घेऊन दाबली, फोडली, पुन्हा पाणी शिंपडले आणि म्हणाले, ‘एवढी वली चालत न्हाई, पाय रुतंल त्याचा.’ माऊंडच्या मातीचा ओलावा किती असावा हे मी पुस्तकांतून वाचून शिकलो होतो. हा माणूस ते तळहाताने सांगत होता. नंतर त्यांनी चोपण्याने तो उतार असा एकसारखा चोपून काढला की मोजपट्टी लावल्यावर दहा फुटांत पाव इंचाचाही फरक निघाला नाही. तिथून साठ फूट सहा इंचांवर, म्हणजे १८.४४ मीटरवर मी होम प्लेट, जिच्यावरून पिचरला चेंडू न्यायचा असतो ती, ठेवली. ही प्लेट सतरा इंच रुंद असते, आणि पिचरचे सगळे आयुष्य त्या सतरा इंचांत जाते.

ऊन तापायच्या आत, साडेनवाला मुलाच्या हातात मी पहिल्यांदा बेसबॉल दिला. त्याने तो क्रिकेटच्या चेंडूसारखा, शिवण उभी करून धरला, मग थांबून सगळीकडून फिरवून पाहिला. क्रिकेटच्या चेंडूची शिवण एका कड्यासारखी मधोमध असते; बेसबॉलची शिवण घोड्याच्या नालेसारखे वळण घेत साऱ्या चेंडूवर फिरते, तिला १०८ दुहेरी टाके असतात, आणि वजन १४२ ते १४९ ग्रॅम म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडे कमी असते. तर्जनी आणि मधले बोट नालेच्या आडव्या टाक्यांवर, अंगठा खाली, तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी फट, एवढेच मी दाखवले. त्याची बोटे लांब आहेत, मधल्या बोटाच्या पेराला धोंडे मारून मारून घट्टा पडलेला आहे, आणि तोच घट्टा नेमका टाक्यावर बसला. पहिला चेंडू टाकण्याआधी त्याने मला विचारले, ‘सर, हितं नो-बॉल देत न्हाईत काय?’ इथे कोपरासाठी नो-बॉल नसतो, असे मी सांगितले. त्यावर त्याने वडिलांकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता माऊंडवर गेला.

मी मिट घालून मागे बसलो आणि शिक्षक जाळीमागे रडार गन घेऊन उभे राहिले. अंग गरम करण्याच्या फेकी सोडून मी त्याला चाळीस चेंडू टाकू दिले, एकही जास्त नाही. ही संख्या अंदाजाने धरलेली नव्हती. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी ‘पिच स्मार्ट’ या नावाने वयानुसार ज्या मर्यादा घालून दिल्या आहेत, त्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला कमाल ९५ चेंडू आणि ३१ ते ४५ चेंडूंनंतर पुरा एक दिवस विश्रांती सांगितली आहे. मला त्याचा हात तिसऱ्या दिवशी विसावलेला आणि चौथ्या दिवशी पुन्हा फेकताना पाहायचा होता, म्हणून चाळीस.

सर्वांत वेगवान चेंडू ताशी ११८ किलोमीटरचा निघाला आणि सरासरी ११२ च्या आसपास राहिली. आयुष्यात पहिल्यांदा माऊंडवर चढलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाकडून हा वेग मी याआधी पाहिलेला नाही. तरी त्या आकड्याने मी जितका हललो नाही, तितका चेंडूच्या शेवटच्या दहा फुटांतल्या चालीने हललो. डावखुऱ्याचा चेंडू मुळात आपल्या हाताच्या बाजूला थोडा सरकतो. याचा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर, बाहेरच्या कोपऱ्याकडे उशिरा आणि जोरात पळत होता, इतका की पहिले तीन मी मिटच्या टोकाने झेलले. चाळिसांपैकी सतरा स्ट्राइकच्या चौकटीतून, म्हणजे प्लेटवरच्या वैध जागेतून, गेले. हे प्रमाण कमी आहे, पण चुकलेल्यांपैकी बहुतेक एकाच दिशेला, उंच आणि डावीकडे चुकले, आणि एकाच प्रकारे चुकणारा हात सुधारता येतो. सगळीकडे चुकणाऱ्या हाताचे काय करावे हे मला अजून समजलेले नाही.

डावखुऱ्या पिचरला एवढा मान का, हे संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मी शिक्षकांना चेंडू मांडून दाखवले. समाजात दहांतला एखादाच माणूस डावखुरा असतो, पण मेजर लीगमधल्या पिचरांत त्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश भरते. डाव्या फलंदाजाला डाव्या हाताचा चेंडू पाठीमागून आल्यासारखा भासतो. शिवाय डावखुरा पिचर फेकण्याच्या तयारीत उभा राहतो तेव्हा त्याचे तोंडच फर्स्ट बेसकडे, म्हणजे धावपटूच्या पहिल्या थांब्याकडे, असते, त्यामुळे तिथला धावपटू पुढे सरकायला कचरतो. उजव्या हाताच्या पिचरला तोच धावपटू पाठीमागे असतो. बेसबॉलमध्ये डावा हात ही नशिबाने मिळालेली पुंजी आहे, आणि म्हणूनच ती लवकर खर्च करून टाकण्याची घाई साऱ्यांना होते.

तिसरा दिवस : विश्रांतीचा

सकाळी मुलाचा हात पाहिला. खांद्यात थोडा ताठरपणा होता, तो असायचाच. कोपर पुरे सरळ होत होते. आज काहीच फेकायचे नाही, वानरांनाही नाही, असे सांगून मी शाळेत गेलो आणि जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख पाहिली. आपल्याकडे वयाची चोरी हा खेळाला लागलेला मोठा रोग आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा ११८ चा वेग आणि अठरा वर्षांच्या मुलाचा तोच वेग या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. रजिस्टर आणि जन्मदाखला जुळत होते. मुलाला पंधरा वर्षे आणि चार महिने झालेले आहेत.

दुपारचे जेवण त्याच्या घरी झाले. तांदळाची भाकरी, मसुराची आमटी आणि भाजलेले रताळे असे ताट आले. मुलगा उजव्या हाताने जेवत होता आणि वहीतले अक्षरही उजव्या हाताचेच होते. लहानपणी आजीने डाव्या हातात घास धरू दिला नाही, शाळेत खडूही उजव्या हातात दिला गेला. फेकण्याच्या बाबतीत मात्र कोणी लक्ष दिले नाही, म्हणून एवढा एक डावेपणा त्याच्याकडे राहून गेला. मला सर्वाधिक रस त्याच्या अंगकाठीत होता. उंची पाच फूट सात इंच, मनगटे रुंद, पायात वडिलांपेक्षा मोठी चप्पल, आणि दोन्ही मामा सहा फुटांचे. अजून तीन-चार इंच वाढ शिल्लक असलेल्या शरीरात तो आज ११८ टाकतो आहे, हे मी वहीत लिहून खाली रेघ मारली.

वडिलांनी विचारले, ‘सर, ह्याचं काय होतंय काय पुढं, ते सांगा की.’ मी त्यांना रिंकू सिंगची हकिकत सांगितली, कारण भारतातल्या डाव्या हाताची तेवढी एकच मोठी हकिकत माझ्यापाशी आहे. उत्तर प्रदेशातला हा भालाफेकपटू २००८ मध्ये एका फेकीच्या स्पर्धेत उतरला, ताशी ८७ मैल म्हणजे १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकून जिंकला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच स्पर्धेतल्या दिनेश पटेल याच्यासोबत पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधल्या संघाने त्याला करारबद्ध केले. मोठ्या संघापर्यंत तो पोहोचला नाही. खालच्या श्रेणीत काही मोसम खेळल्यावर दुखापतींनी त्याला थांबवले आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. ही हकिकत मी अर्धी सांगत नाही. पालकांना करारापर्यंतचाच भाग सांगून मुलगा मागून नेणारी माणसे मी पाहिलेली आहेत. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले की, तो मुलगा त्या वेळी केवढा होता. वीस वर्षांचा, असे मी सांगितले. ‘मग आमचा अजून पाच वर्षं ल्हान हाय,’ एवढेच ते म्हणाले.

उन्हे उतरताना शिक्षकांच्या मोटारसायकलवरून आम्ही हलशीला गेलो. कदंबांची एकेकाळची ही दुय्यम राजधानी आणि तिथले भूवराह नरसिंहाचे देऊळ पाहायचे माझ्या मनात फार वर्षे होते. देऊळ सुंदर आहे, पण त्या संध्याकाळी मी मुलाजवळ असायला हवे होते, हे दुसऱ्या दिवशी कळल्यामुळे त्याविषयी अधिक लिहावेसे वाटत नाही.

चौथा दिवस : दुसरी पाहणी आणि बेळगाव

त्याच जागी, त्याच वेळी, तेच अंतर. पहिला चेंडू १०९ चा आला. अंग अजून गरम झाले नसेल असे मला वाटले. सहावा १०७ आणि दहावा १०३. मी मिट खाली ठेवून बाजूला सरकलो, शिक्षकांना पकडायला बसवले आणि स्वतः बाजूने पाहू लागलो. परवा पुढचा पाय टेकताना कोपर खांद्याच्या रेषेत असायचे, ते आज चार बोटे खाली होते. चेंडू सुटल्यावर हात छातीवरून सैल उतरून उजव्या गुडघ्याकडे जायचा, तो आज मध्येच आखडत होता. बाराव्या चेंडूनंतर त्याने पाठ माझ्याकडे केली आणि उजव्या हाताने डाव्या कोपराची आतली बाजू एकदा दाबली. मी पाहणी तिथेच थांबवली.

विचारल्यावर तो आधी ‘काय न्हाई सर’ म्हणत राहिला. मग वडिलांदेखत त्याने सांगितले की, काल संध्याकाळी शेजारच्या गावी विजेच्या उजेडात टेनिस चेंडूचे सामने होते, मध्यंतरात लांब फेकण्याची स्पर्धा ठेवली होती, आणि गावातली पोरे त्याला घेऊन गेली. पहिली फेक सीमेपार गेली. मग लोकांनी पुन्हा, पुन्हा म्हणत त्याला फेकायला लावले. किती वेळा, ते त्याला आठवत नव्हते. बरोबरचा एक मुलगा म्हणाला, तीसेक तरी. पाचशे एक रुपयांचे पाकीट त्याने आईजवळ दिले होते. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमांच्याही आतला असतो, त्यामुळे हाताला ओझे वाटत नाही आणि हात नेहमीपेक्षा जास्त वेगाने सुटतो. त्यात चाळीस चेंडूंनंतरची विश्रांती अर्धीच झालेली आणि पूर्ण जोर लावलेला. मुलाला मी ‘फेकू नकोस’ म्हटले होते, पण का फेकू नये हे समजावले नव्हते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला कारण न सांगता नुसती बंदी घालणे ही माझी चूक होती. तसे मी त्याच्यासमोर बोलून दाखवले.

अकराच्या बसने मी, मुलगा आणि त्याचे वडील बेळगावला आलो. कॅम्पाजवळ एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे दोन्ही कोपरांची क्ष-किरण छायाचित्रे काढली. वाढत्या वयात दुखऱ्या कोपराची तुलना दुसऱ्या कोपराशी करावी लागते. डॉक्टरांनी दोन्ही चित्रे उजेडावर शेजारी शेजारी लावली आणि आतल्या उंचवट्याजवळची बारीक काळी रेघ दाखवली. ती वाढीची चकती आहे, ती अजून मिटलेली नाही, आणि डाव्या कोपरात ती उजव्यापेक्षा किंचित रुंद दिसते, असे ते म्हणाले. हाड निखळलेले नव्हते, ही मोठी गोष्ट. वाढीच्या वयात हाडे जोडणारा अस्थिबंध त्या चकतीपेक्षा बळकट असतो, त्यामुळे फेकीचा ताण बंधावर न जाता त्या कोवळ्या चकतीवर पडतो आणि ती ओढली जाते. सहा आठवडे एकही फेक नाही, नंतर पुन्हा तपासणी आणि मग हळूहळू सुरुवात, असा सल्ला त्यांनी लिहून दिला. वडिलांनी दोनदा विचारले की, हात जाणार नाही ना. थांबला तर जाणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

परतीच्या बसमध्ये मुलगा खिडकीशी गप्प बसला होता. मी शर्टाची बाही वर केली आणि माझा डावा हात जमेल तितका सरळ करून दाखवला. तो पुरता सरळ होत नाही. सतराव्या वर्षी एका स्पर्धेत माझ्या त्या वेळच्या प्रशिक्षकांनी दोन दिवसांत मला तीन सामने टाकायला लावले होते, आणि तिसऱ्या सामन्याच्या पाचव्या डावात कोपरात काहीतरी तुटल्यासारखे झाले, तेव्हापासून तो असाच आहे. मीही त्या वेळी ‘काही नाही सर’ असेच म्हणत राहिलो होतो. मग त्याला मेजर लीगमधल्या सँडी कोफॅक्स या पिचरविषयी सांगितले, जो डावखुऱ्यांतल्या सर्वश्रेष्ठांपैकी एक मानला जातो आणि ज्याला कोपराच्या संधिवातामुळे १९६६ मध्ये, तिसाव्या वर्षी, खेळ सोडावा लागला. आणि टॉमी जॉनविषयीही, ज्या डावखुऱ्याच्या कोपरात १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हाताचा स्नायूबंध काढून बसवला, जो १९७६ मध्ये मैदानात परतला आणि त्यानंतरही १६४ सामने जिंकला. त्या शस्त्रक्रियेला आज त्याच खेळाडूचे नाव आहे. मुलाने सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला : ‘मधली दोन वर्षं तो काय करत होता, सर?’ पहिले वर्ष तर हात हलायला लागण्याची वाट पाहण्यातच गेले, असे मी म्हणालो.

पाचवा दिवस : अहवाल आणि परतीची वाट

रात्री उशिरापर्यंत आणि पुन्हा पहाटे बसून मी निवड समितीसाठी अहवाल लिहिला. अमेरिकेत खेळाडू पाहणारे लोक २० ते ८० अशी मोजणी वापरतात, ५० म्हणजे मोठ्या संघातला सर्वसाधारण दर्जा, आणि प्रत्येक गुणाला दोन आकडे देतात : एक आजचा आणि एक पूर्ण वाढ झाल्यावरचा. मी तीच पद्धत आपल्या शालेय दर्जाला धरून वापरतो. वेगवान चेंडूला आज ५० आणि पुढे ७०, चेंडूच्या चालीला आज ६० आणि पुढे ७०, अचूकतेला आज ३० आणि पुढे ५०. वळणारा चेंडू मी त्याला टाकायला सांगितलाच नव्हता आणि आणखी दोन वर्षे सांगणार नाही, म्हणून तो रकाना मोकळा ठेवला. शरीरयष्टीला पुढचे ७० दिले. मग खाली स्वभावाचा रकाना येतो, आणि तिथे मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. दुखणे लपवणारा मुलगा हा चिकाटीचा मानावा की धोक्याचा? समित्या त्याला चिकाटी म्हणतात. मी लिहिले की, त्याने दुखणे लपवले, पण विचारल्यावर वडिलांसमोर खरे सांगितले आणि मिळालेले पैसे आईकडे दिले होते. याला दुखणे वेळेवर सांगायला शिकवणारा प्रशिक्षक मिळाला तर हा मोठा पिचर होईल, आणि तसा न मिळाला तर सतराव्या वर्षी संपेल.

शिफारशीत मी त्याला या मोसमासाठी निवडू नये असे लिहिले. मे महिन्यातल्या शिबिरात डावखुरा पिचर हवा म्हणून समिती माझ्या मागे लागली होती, आणि मी ‘हो’ म्हटले असते तर तो मे महिन्यातच दिवसाला ऐंशी चेंडू टाकत असता, हे मला पक्के माहीत आहे. सहा आठवडे विश्रांती, त्यानंतर तीन महिने सपाट जमिनीवरची मोजकी फेक, दहावीची परीक्षा इथल्याच शाळेतून, आणि कोल्हापूरला वसतिगृहात येण्याचा विचार त्यानंतर, असा क्रम मी सुचवला. सीमेच्या कोणत्या बाजूने त्याने खेळावे, हा निर्णय त्या वेळी त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी घ्यावा. माझी मर्जी महाराष्ट्राच्या बाजूची आहे, पण हात त्याचा आहे, असेही मी त्यात लिहिले.

निघण्याआधी घरी गेलो. अहवाल मी तिघांना वाचून दाखवला, आकड्यांसकट. आईने विचारले की, सहा आठवडे वानरांचे काय करायचे. तेव्हा त्याची धाकटी बहीण आत जाऊन पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन आली. वडिलांनी खुंटीवरची गोफण काढली, तिचा दोर गुंडाळला आणि शिडी लावून ती आढ्याला बांधून टाकली. मुलगा ते पाहत उभा होता, बोलला काही नाही.

त्याच्याकडे मी दोन वस्तू ठेवल्या. एक बेसबॉल, जो फेकायचा नाही, केवळ संध्याकाळी बोटांत फिरवून टाके ओळखायचे. आणि एक छोटी वही, जिच्यात रोज कोपर कसे आहे ते खरे लिहायचे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा येईन असे सांगितले. बसला वेळ होता म्हणून शिक्षक आणि मी शाळेमागून गेलो. माऊंड दोन दिवसांच्या उन्हाने तडकू लागला होता, फळीच्या पुढे जिथे त्याचा पाय पडायचा तिथे टाचेचा खड्डा अजून स्पष्ट दिसत होता. आमच्या मागोमाग तोही आला होता. डावा हात पोटाशी धरून, उजव्या हातातल्या तांब्याने तो मातीवर पाणी शिंपडू लागला. मग गोणपाट पसरून त्याने चारही टोकांवर धोंडे ठेवले, एकेक करून, उजव्या हाताने.